डॉ. लिओंग गप्प बसत नाहीत

मला आयुष्यभर पगार मिळाला तो शास्त्रज्ञांना गप्प बसवण्याचा. कार्डावर ‘पेटंट अॅटर्नी’ असं भारदस्त छापलेलं असायचं, पण रोजचं काम हेच. कुणी प्रयोगशाळेतून हर्षभरित होऊन बाहेर आला की त्याला दारातच अडवायचं आणि म्हणायचं, बाबा रे, आधी अर्ज दाखल करू, मग जगाला सांग.

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा त्यांची एकच अट होती, ‘कायदा शिकवू नका.’ शिकवत नाही. पण थोडा सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून एका परिच्छेदात उरकते.

पेटंट मिळण्यासाठी तुमची कल्पना नवी हवी, उपयोगी हवी, आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको. नवी म्हणजे अर्ज करण्याआधी जगात कुठेही, कुणीही, अगदी तुम्ही स्वतःसुद्धा, चारचौघांत सांगितलेली नको. तुमच्याच तोंडून निसटली असेल तर कायदा काही महिने सवलत देतो, पण त्यापुढे दयामाया नाही. पेटंट हे एक कुंपण आहे. आत काय येतं हे ज्या वाक्यांनी ठरतं त्यांना आम्ही दावे म्हणतो, आणि त्या वाक्यांतल्या एकेका शब्दासाठी शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं भांडतात. मीही भांडले आणि मला ते फार आवडलं.

मी मूळची पुण्याची, रसायनशास्त्राची एम.एस्सी. नवऱ्याची, सुहासची, बँकेतली नोकरी आम्हाला सिंगापूरला घेऊन आली. नवऱ्याच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ म्हणून घरी बसणं मला जमेना, म्हणून इथल्या पेटंटच्या परीक्षा दिल्या. आमच्या मराठी मंडळींना माझा धंदा शेवटपर्यंत नीटसा कळला नाही. बुकित तिमाहच्या एका कॉन्डोतले गृहस्थ गणपतीत मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, मोदकाचं मशीन डोक्यात आहे. पारी, सारण, कळ्या, सगळं आपोआप.” मी घरी जाऊन शोध घेतला तर तसलीच यंत्रं जपानमध्ये आणि चीनमध्ये केव्हापासून डंपलिंगं वळत होती. त्यांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. “पण त्यात नारळ नसेल ना?” असं त्यांनी विचारलं. पुढच्या वर्षी त्यांनी माझ्या पानात उकडीचा मोदक वाढला नाही.

एक गृहस्थ कायमचं फिरणारं चाक घेऊन आले होते. ते टेबलावर ठेवून बोलू लागले आणि बोलता बोलता चाक थांबलं. “आज हवा दमट आहे,” ते म्हणाले. सिंगापुरात हवा दमट नसते असा दिवस मी अजून पाहिलेला नाही.

पण सांगायचंय ते डॉ. लिओंग यांच्याबद्दल.

डॉ. लिओंग एका विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. शिडशिडीत माणूस, कायम उन्हाने रापलेला, बोलायला लागला की हातातला कॉफीचा कप हमखास हिंदकळणार. त्यांचा विषय होता ओल्या जागी चिकटणारा गोंद. तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे समुद्राच्या तळाशी पडून मरतात. ते उचलून पुन्हा खडकावर बसवले तर वाढतात, पण पाण्याखाली चिकटवायचे कशाने? बाजारातले गोंद एक तर चिकटायचे नाहीत, नाहीतर प्रवाळालाच बाधायचे. दक्षिणेकडच्या बेटांवर हे काम करणारे हौशी स्वयंसेवक होते, शिक्षक, नर्स, निवृत्त मंडळी. त्यांच्यासाठी हा गोंद बनवायचा हे डॉ. लिओंग यांनी मनावर घेतलं होतं.

खारफुटीच्या सालीचा अर्क आणि सोयाबीनमधलं प्रथिन, एवढाच मसाला. ओल्या दगडाला छान चिकटायचा. पण खाऱ्या पाण्याचा थेंब लागला की दूध नासावं तसा नासायचा, गुठळ्याच गुठळ्या. यात त्यांची बरीच वर्षं गेली. मग एकदा त्यांना उलटा विचार सुचला. गुठळी होतेच आहे तर ती हवी तिथे, हवी तेव्हा का होऊ देऊ नये? गोंद आधी खडकाच्या आणि प्रवाळाच्या मध्ये भरायचा, मगच त्याला समुद्राचं पाणी लागू द्यायचं. तो जागच्या जागी आळून घट्ट होतो आणि सुटत नाही. ज्या मिठाशी ते भांडत होते तेच मीठ कामाला लागलं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. एखादी कल्पना इतकी साधी आणि इतकी सुंदर असावी की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे आपल्याला का नाही सुचलं? अशा फार थोड्या माझ्या टेबलावर आल्या.

“कुणापाशी बोललात का हे?” हा माझा पहिला प्रश्न. तो कायमच पहिला असे.

“मीठ घालायचं? नाही. कालच कळलंय.”

“आता मी सांगेपर्यंत बायकोलासुद्धा सांगू नका.”

“बायको ऐकतच नाही,” ते म्हणाले.

अर्ज दाखल झाला, पेटंट मिळालं. त्यांची माझ्याकडे एकच मागणी होती. व्यापारी कंपन्यांनी पैसे मोजून वापरावं, पण प्रवाळवाल्या स्वयंसेवकांना ते कायम फुकट मिळावं. कुंपण घालायचं ते फाटक आपल्या हातात राहावं म्हणून, असं ते म्हणत. पेटंटकडे असं पाहणारी माणसं मला क्वचितच भेटली.

आणि मग परदेशातल्या एका बड्या कंपनीने ते पेटंट रद्द करा म्हणून इथल्या पेटंट कार्यालयात अर्ज ठोकला.

कंपनीचा डाव मला पहिल्याच वाचनात कळला. गोंद पाण्याखाली सोडायची नळी, तिची बंदूक, मिश्रणाची प्रमाणं, या सगळ्यावर त्यांनी स्वतःची पेटंटं घेऊन ठेवली होती. आमचं पेटंट उभं असेल तर त्यांना आमच्या फाटकातून यावं लागणार. ते पडलं की आतलं मैदान मोकळं, पण त्याभोवती कुंपण त्यांचं. मग बेटांवरच्या आपल्या स्वयंसेवकांना हा गोंद वापरायला त्यांच्याकडे हात पसरावे लागले असते.

त्यांचा पुरावा एक व्हिडिओ होता.

डॉ. लिओंग यांना एक खोड होती. रविवारी ओहोटीच्या वेळी ते पुलाउ उबीनला निसर्गप्रेमी मंडळींना घेऊन जायचे. चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीत, म्हणजे छोट्या लाकडी होडीत, बसायचं, बेटावर उतरायचं, झाडाखाली गोल करून त्यांचं बोलणं ऐकायचं आणि मग चिखलात उतरायचं. बोलायचे म्हणजे सगळंच बोलायचे. प्रयोगशाळेत काय चाललंय, काय फसलंय, सगळं. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. व्हिडिओ तिथलाच होता, अर्ज करण्याच्या कितीतरी आधीचा, कायद्याची सवलतही संपून गेलेली. डॉ. लिओंग हातात बरणी धरून सांगताहेत, ही साल, हे सोयाबीन, यांचा गोंद झाला. मग हात पसरून म्हणतात, “आणि हा बघा, सगळीकडे समुद्रच समुद्र.” तिथे व्हिडिओ संपला.

कंपनीचं म्हणणं असं की गोंदही सांगितला, समुद्रही दाखवला, राहिलं काय? आणि सोयाबीनच्या दुधात खारं पाणी घातलं की ते आळतं, त्याचं पनीर म्हणजे टोफू होतो, हे तर हॉकर सेंटरमधला, इथल्या खाऊगल्लीतला, टोफूवालासुद्धा जाणतो. म्हणजे यात न सुचण्यासारखं काहीच नाही.

मी डॉ. लिओंग यांच्याकडे गेले. “पुढे काय बोललात?”

“आठवत नाही.” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “पण शेवटी मी नेहमी ‘आजचं अपयश’ सांगतो.”

“म्हणजे?”

“मुलं, म्हातारी माणसं येतात. त्यांना वाटतं शास्त्रज्ञाला सगळं येतं. म्हणून बोलणं संपवताना काय जमलं नाही ते सांगायचं. हा माझा रिवाज आहे.”

मी सावरून बसले. ते त्या दिवशी जर ‘खाऱ्या पाण्याने माझा गोंद नासतो, मीठ लागू देऊ नका’ असं म्हणाले असतील, तर सगळा खटलाच फिरत होता. ज्या माणसाने गोंद बनवला तोच जगाला ओरडून सांगतोय की मिठापासून दूर राहा, तर मग मीठ घालणं कुणाला सहज सुचणार होतं? आमच्या धंद्यात याहून चांगला बचाव नाही. पण ते बोलले हे सिद्ध कसं करायचं? व्हिडिओ काढणारा माणूस कधीच देश सोडून गेला होता आणि त्याच्याकडेही तेवढाच तुकडा होता.

त्या फेऱ्यांना येणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. तिथे विचारलं तर उत्तरांचा पाऊस पडला. ‘टोफूचा विनोद ना? आठवतो की!’ डॉ. लिओंग म्हणाले होते, “खारं पाणी लागलं की माझ्या गोंदाचा टोफू होतो. जेवायला चांगला, चिकटवायला बेकार.” सगळ्यांना आठवत होतं. पण कुठल्या रविवारी, ते कुणाला सांगता येईना. अपवाद एका रोझी आंटीचा.

रोझी आंटी म्हणजे बेडोकच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या निवृत्त शाळामास्तरीण. त्यांचं बोलणं सिंगापुरी इंग्रजीत, मी मराठीत देते आहे, पण इथे वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना’ किंवा ‘गं’सारखा येणारा ‘लाह’ काढून टाकणं मला बरं वाटत नाही. “मला पक्कं ठाऊक आहे, लाह,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी माझ्या बुटाचा तळ निघाला.”

“पण तो दिवस आणि व्हिडिओतला दिवस एकच कशावरून?”

“कशावरून म्हणजे? मी होते ना तिथे.”

कायद्याला एवढं पुरत नाही. तरी त्यांची साक्ष मी दाखल केली, कारण दुसरं काहीच हाती नव्हतं. घरी सुहास म्हणाला, “तुझा सगळा खटला एका बुटावर उभा आहे.” मी त्याला म्हटलं, “अरे, तू लोकांना कर्जं दिलीस ती यापेक्षा कशावर दिलीस?” पण मला आतून भीती वाटत होती. डॉ. लिओंग यांचं पेटंट पडलं असतं तर ते पुन्हा कधी उबीनच्या झाडाखाली तोंड उघडून बोलले नसते, हे मला दिसत होतं. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. “तू बरोबर होतीस, मीरा. मी गप्प बसायला हवं होतं.” आयुष्यभर जे वाक्य शास्त्रज्ञांच्या तोंडून ऐकायची मी वाट पाहिली, ते ऐकून मला अजिबात आनंद झाला नाही.

सुनावणीच्या दिवशी रोझी आंटी फुलाफुलांचा झगा आणि खाली जुने कॅनव्हासचे बूट घालून आल्या. मी चांगल्या चपला घाला म्हणून विनवलं होतं. “गुडघे दुखतात,” एवढंच त्या म्हणाल्या.

समोरचे वकील तरतरीत, उंची सूट घातलेले, अतिशय सभ्य. त्यांनी आंटींना हळुवारपणे घेतलं. आपण किती फेऱ्यांना गेलात? पुष्कळ. प्रत्येक वेळी डॉक्टर अपयश सांगायचे? हो. वेगवेगळी? हो. मग वर्षांनंतर कुठलं अपयश कुठल्या दिवशी हे कसं आठवतं? आंटी म्हणाल्या, बुटाचा तळ. सुनावणी अधिकारी बाई काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“मॅडम,” वकील हसून म्हणाले, “आपल्या बुटाबद्दल मला आदर आहे. पण या व्हिडिओत बुटाचा काही संबंध दिसतो का, आपणच सांगा.” आणि त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला.

आमच्या धंद्यात एक शहाणपण शिकवतात. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो साक्षीदाराला विचारू नये. वकीलसाहेब ते त्या दिवशी विसरले, आणि मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

आंटींनी चष्मा वर सरकवला. “पुन्हा लावा.”

त्यांनी पुन्हा लावला.

“थांबवा. इथे. डॉक्टरकडे काय बघता सगळे? खाली बघा, लाह. तो माझा पाय.”

आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ लॅपटॉपवर, फोनवर पाहून पाहून पाठ केला होता आणि प्रत्येकाची नजर बरणीवर. मोठ्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी पिशवीमागून एक कॅनव्हासचा बूट दिसत होता. त्याचा तळ वरच्या भागाला गुलाबी प्लॅस्टिकच्या सुतळीने गुंडाळून बांधला होता. इथे कॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी नेतात ना, ती पिशवी बांधायची सुतळी.

“बोटीतून उतरताना तळ निघाला,” आंटी सांगू लागल्या. त्या आता वकिलांशी नाही तर वर्गाशी बोलत होत्या. “माझ्या कॉफीच्या पिशवीची दोरी सोडून मी तो बांधला. मग डॉक्टर बोलले, टोफूचा जोक केला, सगळे हसले. मी म्हटलं, तुझा गोंद आहे तर माझा बूट चिकटव. त्याने चिकटवला आणि म्हणाला, रोझी, खाऱ्या पाण्यात पाऊल टाकू नकोस, गोंद नासेल. आता सांगा, उबीनच्या चिखलात उतरल्यावर खाऱ्या पाण्यात पाऊल टाकायचं नाही म्हणजे कुठे टाकायचं? दहा पावलांत तळ पुन्हा निघाला. एक बूट हातात, तशी बसने बेडोकला गेले. तो दिवस विसरेन मी?”

वकीलसाहेब पडद्याकडे पाहत राहिले. तो पुरावा त्यांनीच आणलेला होता, त्यामुळे त्याला हरकत घेण्याचीही सोय नव्हती.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, डॉक्टरांनी आपल्याला नेमकं काय सांगितलं, ते पुन्हा एकदा सांगाल?”

“मीठ या गोंदाचा दुश्मन आहे, त्याला जवळ येऊ देऊ नकोस.” आंटींनी जरा विचार केला. “चूक होतं ते. नंतर त्यालाच कळलं. मग त्याने हा बूट पुन्हा चिकटवला आणि समुद्राच्या पाण्यात बुडवला.” असं म्हणून त्यांनी गुडघ्याला हात लावत पाय वर केला आणि तळ सगळ्यांना दाखवला. “दर ओहोटीला घालते. अजून आहे.”

वकीलसाहेब हरकत घ्यायला अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. अधिकारी बाई कागदांत खूप वेळ काहीतरी शोधत राहिल्या, पण त्या हसू दाबत होत्या हे मी पाहिलं.

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो निखळ आमच्या बाजूने. शोधकाने स्वतःच लोकांना मिठापासून परावृत्त केलं होतं, तेव्हा मीठ वापरणं कुणालाही सहज सुचण्यासारखं नव्हतं. पेटंट कायम. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि ऑफिसात सगळ्यांदेखत रडले. इतक्या वर्षांत तिथे कुणी मला रडताना पाहिलं नव्हतं. पुढे बडी कंपनी मुकाट्याने फाटकातून आली, जहाजांच्या कामासाठी परवाना घेतला, आणि करारातलं पहिलंच कलम मी माझ्या हाताने लिहिलं. प्रवाळ लावणाऱ्या स्वयंसेवकांना गोंद कायम मोफत, आणि कंपनीची नळी आणि बंदूकसुद्धा.

मला एका गोष्टीची रुखरुख मात्र राहिली आहे. ज्या बडबडीवर मी इतकी वर्षं चिडले, तिच्यामुळेच आम्ही जिंकलो. माझं थोडं ऐकून ते फसलेलं गाळून जमलं तेवढंच मोजूनमापून बोलले असते, तर त्या व्हिडिओला द्यायला आमच्याकडे काहीच उत्तर नसतं. मी गप्प बसवलेल्या माणसांपैकी किती जणांकडे असं एखादं सांगण्यासारखं अपयश होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

निवृत्तीनंतर पहिल्याच रविवारी मी सुहासला घेऊन उबीनला गेले. झाडाखाली माणसं जमली होती. रोझी आंटी पुढे, पायात तेच बूट. डॉ. लिओंग नव्या कामाबद्दल बोलत होते, पण आता जपून, वाक्यं तोलून. खटल्यापासून त्यांचं तसंच झालं होतं. मला पाहून ते अडखळले, हातातली बरणी त्यांनी पिशवीत ठेवली, आणि आता चिखलाकडे निघू या, असं म्हणाले.

मंडळी उठू लागली. माझा पाय मात्र हलेना.

“डॉक्टर,” मी मागून म्हटलं, “आजचं अपयश राहिलं.”

ते वळले. माझ्याकडे पाहत राहिले, मी थट्टा करतेय का ते चाचपत.

“सांगा,” मी म्हटलं. “आणि सुहास, तू फोन काढ. शेवटपर्यंत रेकॉर्ड कर, मध्ये थांबवू नकोस.”

“बसा, लाह, बसा,” रोझी आंटींनी सगळ्यांना खाली बसवलं. डॉ. लिओंग यांनी बरणी पुन्हा बाहेर काढली, त्यांच्या दुसऱ्या हातातली कॉफी हिंदकळून शर्टावर सांडली, आणि ते बोलू लागले.